तीन निळे दांडे

गाडीची मागची चाकं जागेवर धरायला चार आडवे दांडे असतात, दर चाकाला दोन, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तोवर मी नुसती चालवत होते. बारामतीतल्या ज्या हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे, तिथल्याच एका डॉक्टरांनी ही जुनी चार दारांची गाडी मला विकली. त्यांनी हौसेनं इंजिनावर बरंच काम करून घेतलं होतं, गाडीची उंची कमी करून ती थोडी खाली बसवली होती. बाहेरून ती साधी, संसारी दिसायची. पण इंदापूर रस्त्याला मोकळं मिळालं की अशी सुटायची की मला एकटीला आत हसू फुटायचं. घरचे म्हणायचे, ह्या वयात हे काय खूळ? खूळच होतं, आणि मला ते हवं होतं.

खोड एकच होती. वेगात वळण घेतलं की गाडीची मागची बाजू क्षणभर भलतीकडे जायची. मागच्या सीटवर झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तशी.

एमआयडीसीजवळ ज्यांचं गॅरेज आहे त्या मिस्त्रींना मी तात्या म्हणते. त्यांनी गाडी वर घेऊन मला खाली बोलावलं आणि ते चार दांडे दाखवले. गाडी खाली बसवली होती, पण दांडे मूळ मापाचेच राहिले होते, त्यामुळे मागची चाकं तिरकी झाली होती. लांबी कमीजास्त करता येईल असे दांडे हवे होते.

"मग बनवा की तात्या. लेथ आहे, वेल्डिंग आहे."

"न्हाय," ते म्हणाले. "सायलेन्सर सांगा, बंपर सांगा, करून देतो. चाक धरणारा दांडा मी बनवत नसतो. उद्या तुटला तर मी झोपायचं कसं? इकत घ्या. कंपनीचा तुटला तर कंपनीला शिव्या तरी घालता येत्यात."

विकत घ्यायचे तर परदेशातून मागवावे लागणार होते आणि कधी येतील ह्याचा भरवसा नव्हता. शेवटी तात्यांनीच सुचवलं, इंदापूरच्या बाजूला हायवेवर जुन्या गाड्या तोडणारा एक आहे, त्याच्याकडे बघा. मी गेले. तेलकट लोखंडाच्या ढिगात मला ते दिसले. गडद निळे, कुणीतरी हातानं बनवलेले तीन दांडे. टोकाला आटे, आट्यांवर फिरवून लांबी बदलता येईल अशी सोय, आणि प्रत्येक टोकाला लोखंडी डोळा, त्यात फिरती गोटी.

"पुढनं ठोकलेल्या असल्याच गाडीचे हायेत. मागचं सगळं शाबूत हुतं," भंगारवाला म्हणाला.

"चौथा?"

"तीनच हायेत, मॅडम."

तात्यांनी ते सपाट लोखंडी पाटावर लोळवून पाहिले, भिंगातून वेल्डिंग पाहिलं. मग म्हणाले, "ह्यो ज्यानं केलाय त्याला घाई नव्हती." चौथा त्यांनी स्वतः बनवला. बनवणार नाही म्हणणारे तुम्हीच ना, असं मी चिडवलं तर म्हणाले, "नमुना म्होरं हाय. आता मी एकटा न्हाय." निळा रंग दुकानात मिळाला तो लावला. थोडा फिका निघाला.

गाडी सुधारली. वळणावर ती आता रस्ता धरून राहायची. काही महिन्यांनी मात्र हळू जाताना, खड्ड्यात किंवा मोरीवर, मागून एक आवाज येऊ लागला. टक्. तात्या म्हणाले, दांडे ठीक आहेत, टोकाच्या गोट्या झिजल्यात. नव्या मागवू, तोवर हळू चालवा. मी हळू चालवत होते आणि त्याच दिवसांत मला ते घर मिळालं.

कळसच्या पुढे, कालव्याच्या अंगाला एक वस्ती आहे. तिथल्या साठीतल्या एका बाई ओट्यावरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं, बारामतीत ऑपरेशन झालं, ते उत्तम झालं. पण बाई पाय टेकवायला तयार नव्हत्या. त्यांचे यजमान झेडपीच्या शाळेतले निवृत्त गुरुजी. फोनवर म्हणाले, "ती पडूनच असते हो. भिंतीकडं तोंड करून."

घराच्या अलीकडे एक मोरी आहे. तिच्यावरून माझी गाडी गेली तेव्हा मागून आवाज झाला, टक् टक्. मी पिशवी घेऊन आत गेले तर बाई पलंगाच्या कडेला बसलेल्या. दोन्ही पाय फरशीवर, हात वॉकरवर, उठायच्या बेतात. गुरुजी दारातच उभे. ते बायकोकडे बघत नव्हते, माझ्या खांद्यावरून बाहेर गाडीकडे बघत होते.

"अहो, ह्या तर बसल्यात की!" मी म्हणाले.

बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमी व्हय," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा आडव्या झाल्या.

आठवड्यातून दोनदा मी जाऊ लागले. दर वेळी आत जावं तर बाई उठून बसलेल्या. मला वाटलं, गुण येतोय. त्यांचा पाय हातात घेऊन वाकवायचा, सरळ करायचा, मग वॉकर धरून चार पावलं. त्या माझ्याशी बोलायच्या, शेजारणीशी बोलायच्या. नवऱ्याशी मात्र थेट एक शब्द नाही. "पानी पायजे म्हनावं," असं त्या मला सांगायच्या आणि गुरुजी त्याच खोलीत असायचे. ते पाणी आणून माझ्या हातात द्यायचे. मी कितीतरी घरांच्या आतल्या खोल्यांत जाते, अशा गोष्टी विचारायच्या नसतात हे मला कळतं. भिंतीवर तसबिरींच्या रांगेत शेवटी एका तरुण मुलाचा फोटो होता. ते मात्र न विचारता कळलं.

एक दिवस खिडकीतून बाहेर नजर गेली तर गुरुजी पोतं अंथरून माझ्या गाडीखाली झोपले होते. नुसते पाय बाहेर. मी धावत गेले. ते सावकाश बाहेर आले, सदरा झटकला, चष्मा पुसला.

"मॅडम, खालचे ते निळे दांडे तुम्ही कुठनं आणले?"

मी सांगितलं. ते पायरीवर बसले.

"माझ्या मुलानं बनवलेत ते."

मी शेजारी टेकले. ते सांगत गेले, शाळेत धडा सांगावा तसं, सरळ आणि हळू. मुलगा डिप्लोमा करून कंपनीत लागला होता. जुनी गाडी घेतली, सुटीच्या दिवशी तिच्यातच असायचा. मागचे दांडे बदलायचे म्हणाला तेव्हा गुरुजी म्हणाले, विकत घे. तो म्हणाला, बनवतो, विकतच्यापेक्षा जाड नळी घेतो. दोघांची बरीच वादावादी झाली. त्यानं बनवले. विहाराच्या कठड्याला लावलेला निळा रंग डब्यात उरला होता, तोच लावला आणि अंगणात कपड्यांच्या तारेवर वाळत टांगले.

"दोन वर्षं होतील. संध्याकाळचा कालव्याच्या रस्त्यानं येत होता. गाडी उलटून कालव्यात गेली. दुसरं कुणी नव्हतं रस्त्याला. काय झालं ते कुणी बघितलं न्हाय." ते थांबले. "लोक म्हणाले, घरी बनवलेलं तुटलं. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला सगळे जमले होते, तिथं मीबी बोललो. म्हटलं, विकत घेतले असते तर पोरगं वाचलं असतं. ती समोरच बसली होती. त्या दिवसापासनं ती माझ्याशी बोलत न्हाय."

आतून बाईंचा आवाज आला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "ती साडी दाखवा म्हनावं त्यांना."

गुरुजींनी ट्रंकेतून एक साडी काढून आणली. पिवळसर सुती, नेसून विटलेली. पदराजवळ बोटभर लांबीचा निळा डाग.

"तारंवर माझी साडी हुती," बाई म्हणाल्या. "तेला म्हनलं, आरं जरा बाजूला टांग. लागलाच रंग. लई बोलले मी तेला."

मग मला समजलं की त्या माझ्या व्यायामासाठी उठून बसत नव्हत्या. मोरीवरचा तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. मुलाची गाडीही तशीच वाजायची. तो असताना मोरीवर टक् टक् झालं की त्या चुलीवर तवा ठेवायच्या, हे त्यांनीच सांगितलं.

त्या दिवशी परतताना मी आरशात मागच्या सीटकडे बघायचं टाळलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आमच्या घरात तसलं काही चालतच नाही. तरी हॉस्पिटलच्या आवारात गाडी लावल्यावर मी मागचं दार उघडलं, थोडा वेळ उघडं ठेवलं आणि मग बंद केलं. असं का केलं ते मला सांगता येणार नाही. पुढे ती सवयच लागली. माझे यजमान म्हणाले, "नवे घे बाई. मेलेल्या माणसाच्या गाडीचं कशाला अंगाखाली घेतेस?" मी हो म्हणाले आणि तात्यांना काहीच सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला गुरुजींनी विचारलं, "त्यांना कुठं तडा गेलाय का, हे बघता येतं?"

"येतं. पण गुरुजी, चारांतला एक त्याचा नाहीये. मला तीनच मिळाले. मागच्या डाव्या चाकाचा पुढचा आमच्या मिस्त्रींनी बनवलाय."

"मला वाटलंच," ते म्हणाले. "त्याचा रंग येगळा हाय."

मी त्यांना घेऊन तात्यांकडे गेले. तात्यांनी तिन्ही दांडे उतरवले, वेल्डिंगवरचा रंग घासून काढला आणि त्यावर लाल पातळ औषध फवारलं. ते थोडा वेळ तसंच ठेवायचं, मग पुसायचं आणि वरून पांढरं फवारायचं. कुठे केसाएवढी जरी भेग असली तरी आत शिरलेलं लाल पांढऱ्यावर उमटतं. गुरुजी स्टुलावर बसले नाहीत. हात मागे बांधून उभे राहिले, निकालाच्या दिवशी मुख्याध्यापक उभे राहतात तसे. तात्यांनी पांढरं फवारलं आणि आम्ही तिघं वाकलो.

पांढरं पांढरंच राहिलं. पहिल्यावर काही नाही, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावरही नाही.

"गुरुजी," तात्या म्हणाले, "ह्यात खोट न्हाय."

गुरुजींनी एक दांडा उचलला. वरचं पांढरं वाळून पूड झालं होतं, ती हाताला लागली. "चौथा," ते म्हणाले. "चौथा कुठं असंल?"

तिथून आम्ही तसेच इंदापूरच्या बाजूला गेलो. मी मघाचे दांडे पुन्हा बसवून घेतले होते, सबंध रस्ता मी गाडी हळू चालवली. भंगारवाल्यानं आधी आठवत नाही म्हटलं. गुरुजींनी आपण कोण ते सांगितल्यावर त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडमना मी पुढनं ठोकलेली म्हणून सांगितलं हुतं. तसं न्हाय. क्रेननं आणली तवा उलटलेलीच हुती. चौथा दांडा नव्हताच. मागचं डावं चाक लोंबत हुतं."

गुरुजींनी मान डोलावली. दोनदा, तीनदा. "लोंबत होतं," ते म्हणाले.

मला तिथे उभं राहवेना. मी बाहेर येऊन तात्यांना फोन केला, सगळं सांगितलं आणि विचारलं, म्हणजे तो दांडा तुटला म्हणून गाडी गेली का? ते म्हणाले, "आपटल्यावर बी तुटतो, आन तुटल्यावर बी आपटती. दांडा घावला तर तुकडा बघून सांगता येईल. न घावता कोन सांगनार?"

परतीच्या वाटेवर ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांमागून आम्ही रांगत आलो. गुरुजी एकदाच बोलले. "बाईंना काय सांगायचं?" ते आपल्या बायकोला माझ्यासमोर बाई म्हणत नसत, त्या दिवशी म्हणाले.

"जे आहे ते," मी म्हणाले.

घरी बाई वॉकर धरून उंबऱ्याशी उभ्या होत्या. एकट्या आल्या होत्या तिथवर. गुरुजींनी त्यांच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. तीन दांड्यांत खोट नाही. चौथा सापडत नाही. डावं चाक लोंबत होतं. एकही गोष्ट गाळली नाही. बाई ऐकत होत्या, त्यांचा चेहरा मला वाचता येईना. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

"मग त्या तीनाचं का बोलला न्हाय त्या दिशी? न गावल्याल्या एकाचं बोलला."

हे त्या त्यांच्याशी बोलत होत्या. माझ्यामार्फत नाही. गुरुजी उंबऱ्यावर बसले आणि सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसायला लागले, तर हाताचं पांढरं तोंडाला लागलं. बाई म्हणाल्या, "आधी त्वांड धुवा. च्या ठेवते मी." आणि खरोखरच वॉकर ढकलत स्वयंपाकघराकडे निघाल्या. मी मागोमाग गेले, पण हात लावला नाही.

मग माझ्यापुढचा प्रश्न उरला. टोकाच्या गोट्या बदलणं भाग होतं, झिजल्या गोटीवर गाडी चालवणं शहाणपणाचं नव्हतं. बदलल्या की आवाज जाणार. दांडे तुम्हाला हवेत का, असं मी दोघांना विचारलं, मी दुसरे विकत घेईन. गुरुजी म्हणाले, "घरात आणून काय करू? कोपऱ्यात लोखंड पडंल. तिथं कामाला तरी हायेत." बाईंनी वेगळंच मागितलं.

"आवाज जायच्या आदी येकदा मला फिरवून आना."

"कुठं जायचं?"

"कुठंबी. कालव्याकडनं न्हाय पन."

त्यांना मागच्या सीटवर बसवलं, खुब्याखाली उशी दिली. गुरुजी पुढे. मी मुद्दाम खराब रस्ता धरला, कळसकडून आत जाणारा. दुपार होती, रस्त्याला कुणी नव्हतं. खड्डा आला की मागून टक् व्हायचं आणि बाई हळूच म्हणायच्या, "हां." पुन्हा टक्, पुन्हा "हां." कुणीतरी गोष्ट सांगत असताना ऐकणाऱ्यानं हुंकार द्यावा तसं. मी आरशात पाहिलं नाही. एका ठिकाणी रस्ता गुळगुळीत लागला, आवाज थांबला, तर मागून त्यांनी विचारलं, "का रं?" आम्हा दोघांपैकी कुणाला तसं त्या कधी बोलल्या नव्हत्या.

नव्या गोट्या आल्या, तात्यांनी बसवल्या. आपण बनवलेला चौथा दांडाही त्यांनी उतरवून तपासला. गाडी आता मोरीवरून बिनआवाज जाते. पहिल्या दिवशी मी अंगणात पोचले तरी बाईंना कळलं नव्हतं, त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "गाडी लई गुमान झाली." पुढे काठीवर चालायला लागल्या, मग काठीही कधीमधीच. माझं काम संपलं. तरी महिन्या दोन महिन्यांनी मी तिकडे चक्कर टाकते. दोघं एकमेकांशी बोलतात, भांडतातही. मुलाचं बोलणं निघालं की गुरुजी उठून बाहेर जातात आणि बाई बोलत राहतात.

उन्हाळ्यात पाण्याची पाळी संपून कालवा कोरडा पडला की गुरुजी त्यात उतरतात. गाडी गेली होती तिथून खाली, गाळात काठीनं टोचत चालत जातात. त्यांना हे सापडलंय: एक विळा, कुलूप, मोटरसायकलचं चाक, पितळी घंटा. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. "जरा येऊन जाता का? नळी हाय. दोन्हीकडं आटे हायेत."

मी गेले. ते कालव्याच्या पुलावर थांबले होते, पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. उघडून दाखवलं. गाळानं काळी पडलेली जाड नळी, टोकांना आटे, आट्यांवर लोखंडी डोळे. मग मी ती हातात घेतली. फार जड होती. बाजूला फिरवायचा दांडका होता, गोटीचं भोक अंगठ्याएवढं.

"गुरुजी, ही ट्रॅक्टरची टॉप लिंक आहे. नांगराला लावतात ती."

"व्हय," ते म्हणाले. "मलाबी तसंच वाटलं. पन म्हटलं, तुमी एकदा बघा."

त्यांनी ती पुलाच्या कठड्यावर नीट ठेवली, ज्याची असेल त्याला जाता येता दिसेल अशी. पंचा झटकला, खांद्यावर टाकला. पाणी सुटायला अजून अवकाश होता. त्यांनी चपला काढून पुलावर ठेवल्या, लेंगा वर खोचला आणि उताराच्या पायऱ्या उतरू लागले. मी थोडा वेळ उभी राहिले. मग मीही चपला काढल्या.